चालण्याची गोडी

यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला चालणे कधी शिकवावे लागले नाही. आठवडी बाजाराला निघालेली माणसे डोक्यावर गाठोडे घेऊन पहाटेच घर सोडीत. नवरात्रात माहूरच्या रेणुकेला जाणारे जथे पैनगंगा ओलांडून गड चढत. उन्हाळ्याच्या आरंभी मोहफुले वेचण्यासाठी कोलामांच्या पोडांतील बाया-मुले दिवस उगवण्यापूर्वी रानात पोचत. गावातील शाळा चौथीपर्यंतच असली तर मुलगा पाचवीसाठी शेजारच्या गावी पायी जाई, आणि त्याला शिकविणारे गुरुजीही बहुधा पायीच येत. चालणे ही त्या काळी आवड नव्हती आणि व्यायाम तर नव्हताच. ते जगण्याचे एक अंग होते.

ते दिवस सरले. ते सरले हे वाईट झाले, असे मात्र कोणी म्हणू नये. रस्ते झाले, एस. टी. आली, घरोघरी दुचाकी आली. त्यामुळे अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर रुग्णालय गाठता येते, मुलींना तालुक्याच्या महाविद्यालयात जाता येते आणि शेतमाल बाजार समितीत पोचतो. परंतु चालण्याची सक्ती गेली तिच्याबरोबर चालणेही गेले. तहसील कार्यालयातील लिपिक, शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीचा सदस्य, दुकानदार यांचा दिवस खुर्चीवर उगवतो आणि खुर्चीवरच मावळतो. दोनशे पावलांवरील दुकानात जाण्यासाठीही दुचाकीची किल्ली हाती घेतली जाते.

याचे मोल शरीर चुकते करीत असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी 10 लाख रुग्ण असून, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या 13 कोटी 60 लाखांच्या घरात आहे. उच्च रक्तदाब असणाऱ्यांचा अंदाज 31 कोटी 50 लाखांचा आहे. हे आजार आता केवळ शहरांचे राहिलेले नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून झाल्यावर डॉक्टर गोळ्या लिहून देतात आणि निरोप देताना सांगतात, "रोज चालत जा."

सवय का मोडते?

हा सल्ला ऐकून माणूस घरी येतो. सोमवारचा मुहूर्त ठरतो. नवे बूट येतात. पहिल्या दिवशी तो उत्साहाने तीन-चार किलोमीटर झपाट्याने चालतो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात. चौथ्या दिवशी पाहुणे येतात, आठव्या दिवशी पाऊस येतो आणि पंधराव्या दिवशी बूट पलंगाखाली जातात. पुढच्या तपासणीच्या वेळी तो खालच्या मानेने "वेळ मिळत नाही" असे सांगतो.

खरे कारण वेळेचे नसते. ज्या माणसाला चालायला अर्धा तास मिळत नाही, तोच पानठेल्यावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यापुढे एक तास सहज घालवितो. कारण तेथे त्याचे मन रमते. चालणे मात्र त्याने कडू काढ्यासारखे घेतलेले असते. काढा दुखणे असेपर्यंतच घेतला जातो. जी गोष्ट जन्मभर करावयाची तिची गोडीच लागावी लागते, आणि गोडी ही निश्चयाने येत नाही. सोसेल असा आरंभ, सोबत, पाहण्याजोगे काही आणि निर्धोक वाट, या चार गोष्टी जुळल्या की ती हळूहळू येते. यांपैकी पहिल्या तीन माणसाच्या हाती आहेत. चौथी मात्र बहुतांशी गावाच्या हाती आहे.

शरीरात काय घडते?

चालण्याने नेमके काय साधते, हे कळले की सल्ल्यावरील विश्वास वाढतो. चालताना मांड्यांचे व पोटऱ्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात आणि त्या कामासाठी रक्तातील साखर ओढून घेतात. मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव मंदावलेला असतो. परंतु काम करणाऱ्या स्नायूला साखर घेण्यासाठी इन्सुलिनवर पूर्णपणे विसंबून राहावे लागत नाही. जेवणानंतर थोडेसे चालल्यास रक्तातील साखरेची उसळी कमी राहते, असे अलीकडील अभ्यासांत आढळून आले आहे. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालण्याची रीत होती, तिचे मर्म येथे ध्यानात येते. पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. नियमित चालण्याने रक्तदाब काही अंशी उतरतो, सांधे मोकळे राहतात व झोप चांगली लागते.

या विषयातील एक जुना अभ्यास एस. टी.ने प्रवास करणाऱ्या कोणासही सहज समजेल. लंडनमधील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांच्या प्रकृतीची तुलना डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि तिचे निष्कर्ष 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. दोघेही एकाच गाडीवर काम करणारे. फरक इतकाच, की चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत जिना चढ-उतर करी. हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांमध्ये कमी आढळले. शरीराच्या हालचालीचा व हृदयाचा संबंध दाखविणारा हा आरंभीच्या अभ्यासांपैकी एक मानला जातो.

किती चालावे, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेले मार्गदर्शन सोपे आहे. प्रौढ माणसाने आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालले की 150 मिनिटे भरतात. त्याहून कमी झाले तरी ते वाया जात नाही. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले केव्हाही बरे, असेही संघटनेने नमूद केले आहे. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम वैद्यकशास्त्रात नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावातच दहा हजार पावले होती. तेथून तो आकडा जगभर पसरला. तो गाठता आला नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही.

दहा मिनिटांचा आरंभ

ज्याची सवय सुटली आहे त्याने दहा मिनिटांपासून आरंभ करावा. पाच मिनिटे जावे, पाच मिनिटांत परतावे. पहिले दोन आठवडे यात वाढ करू नये, इच्छा झाली तरी करू नये. आणखी चालावेसे वाटत असतानाच घरी परतणे यात एक युक्ती आहे. उरलेली इच्छा दुसऱ्या दिवशी माणसाला दारापर्यंत आणते. त्यानंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवीत गेल्यास सुमारे दीड महिन्यात अर्ध्या तासाची मजल सहज गाठता येते.

वेगाची कसोटी घड्याळात पाहण्याची गरज नाही. सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत दम लागला की वेग योग्य समजावा. साधारणपणे मिनिटाला शंभर पावले पडली की ही चाल साधते. पहिली व शेवटची काही मिनिटे मात्र संथ चालावे.

अंतर किलोमीटरमध्ये ठरविण्यापेक्षा खुणांनी ठरविणे अधिक सोयीचे असते. पहिल्या आठवड्यात मारुतीच्या पारापर्यंत, मग पाण्याच्या टाकीपर्यंत, मग नाल्याच्या पुलापर्यंत, अशी वाट वाढवीत न्यावी. वेळ शक्यतो एकच ठेवावी व ती एखाद्या जुन्या सवयीला जोडून द्यावी. सकाळचा चहा झाला की निघायचे, किंवा कार्यालय सुटल्यावर घरी न बसता आधी फेरी मारायची, असे ठरले की रोज नव्याने निर्णय घेण्याचा त्रास वाचतो. एखादा दिवस चुकला तर त्याचा हिशेब करू नये. दुसऱ्या दिवशी निघावे.

सोबतीचे महत्त्व यापेक्षाही मोठे आहे. एकट्याचा आळस सहज जिंकतो. कोपऱ्यावर कोणी वाट पाहत उभा असेल तर अंथरूण सोडावेच लागते. या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे दुःख दीर्घकाळ पाहिले आहे. कर्ज, नापिकी व भावाची घसरण हे प्रश्न चालण्याने सुटत नाहीत, आणि तसा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु जो माणूस रोज सकाळी चौघांबरोबर चालतो, त्याचे न येणे चौघांच्या लक्षात येते. तो गप्प गप्प असला तर तेही लक्षात येते. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते शेजारी शेजारी चालताना अनेकदा ओठांवर येते. तसे बोलणे कानी पडलेच तर सोबत्याने ते हसण्यावारी नेऊ नये. त्या माणसाला एकटे सोडू नये व आरोग्य केंद्रापर्यंत आपणच बरोबर जावे. मनाच्या दुखण्यासाठी 2022 मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांकही प्रत्येक सरपंचाला व शिक्षकाला पाठ असावा.

वाट वाचण्याचा छंद

रोज तीच वाट चालून कंटाळा येतो, अशी तक्रार ऐकू येते. वाट तीच असली तरी ती रोज तशीच राहत नाही. तिच्यातील फरक टिपण्याची दृष्टी मात्र कमवावी लागते. मराठी वाचकाला ही दृष्टी देणाऱ्यांमध्ये मारुती चितमपल्ली यांचे नाव अग्रभागी आहे. वनाधिकारी म्हणून त्यांनी आपल्या सेवेचा मोठा काळ विदर्भातील अरण्यांत घालविला. पक्ष्यांची व झाडांची नावे त्यांनी ग्रंथांइतकीच रानात राहणाऱ्या माणसांकडून गोळा केली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले व त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे निधन झाले. नाव ठाऊक नसलेले झाड नुसतेच झाड असते. नाव कळले की ते ओळखीचे होते व ओळखीच्यांची वाट कंटाळवाणी वाटत नाही, हे त्यांच्या लेखनातून उमगते.

यवतमाळचा परिसर अशा ओळखींसाठी फार उदार आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पानाशिवाय पेटतो आणि काटेसावरीच्या लाल फुलांवर साळुंक्यांची झुंबड उडते. त्यापाठोपाठ मोहाचा गोडसर, जड वास पहाटेच्या वाऱ्यावर येतो. मे महिन्यात बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागतात. मृगाच्या आसपास पावशा ओरडू लागतो व काळ्या मातीचा रंग पहिल्या सरीने अधिक गडद होतो. श्रावणात सागाला मोहोर येतो. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीची बोंडे फुटून शेते पांढरी होतात आणि तुरीला पिवळी फुले येतात. हिवाळ्यात तारांवर नीलकंठ व कोतवाल बसलेले दिसतात, आणि जलाशयांवर परदेशी बदके उतरतात.

चालणाऱ्याने यांपैकी रोज एकच गोष्ट नव्याने पाहावी, असा नेम केला तरी पुरे. कोणत्या धुऱ्यावर टिटवी ओरडते, कोणत्या निंबाला आधी पालवी फुटते, नाल्याचे पाणी कोणत्या आठवड्यात आटते, हे ज्याला सांगता येते त्याला चालण्याची आठवण करून द्यावी लागत नाही. काय बदलले ते पाहण्यासाठीच तो घराबाहेर पडतो.

शेजारच्या जिल्ह्यातील दोन पादचारी

चालण्याची आवड उपजत असावी लागते, असा एक समज आहे. तो चुकीचा असल्याचे उदाहरण शेजारच्या वर्धा जिल्ह्यातच सापडते. महात्मा गांधींना शालेय वयात व्यायामाची व क्रिकेटची आवड नव्हती. शाळेत हे विषय सक्तीचे झाले तेव्हा ते त्यांना नकोसेच वाटले. परंतु मोकळ्या हवेत चालण्याचे गुण पुस्तकांत वाचून त्यांनी फिरण्याची सवय लावून घेतली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. लंडनमध्ये विद्यार्थी असताना गाडीभाडे वाचविण्यासाठी ते रोज आठ-दहा मैल चालत. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मपासून जोहान्सबर्ग सुमारे 21 मैल, म्हणजे 34 किलोमीटर दूर होते. हे अंतरही आश्रमवासी पायी तोडीत. 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजेच पुढे सेवाग्राम झालेल्या गावाला, राहावयास जातानाही गांधीजी चालत गेले. सेवाग्रामातील त्यांची रोजची फेरी अनेकांच्या आठवणींत आहे. भेटीस आलेल्यांशी चर्चा, आश्रमातील मुलांशी विनोद हे सारे त्या फेरीतच होई. वेगळा वेळ काढण्याची गरज त्यांना पडली नाही, कारण चालणे त्यांनी कामाशी व माणसांशी जोडून घेतले होते.

दुसरे उदाहरण पवनारच्या आचार्य विनोबा भावे यांचे. 8 मार्च 1951 रोजी हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी ते पायी निघाले, तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते व पोटाचे दुखणे जुने होते. त्याच प्रवासात 18 एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा उगम झाला, आणि पुढे देशभर चालत राहून 10 एप्रिल 1964 रोजी ते पवनारला परतले. त्यांची पदयात्रा पहाटे सुरू होई, दिवसाची मजल बेताची असे व मुक्कामाच्या गावी लोकांशी बोलणे होई. तेरा वर्षांची वाटचाल अशा रोजच्या छोट्या मजलांनीच पुरी झाली.

पंढरीच्या वारीचे गमकही हेच आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर सत्तरीचे वृद्धही चालून जातात. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीसोबत निघणारे वारकरी तर त्याहून कितीतरी लांबची वाट तुडवितात. एरवी चार किलोमीटरला कंटाळणारा माणूस तेथे चालतो. कारण टाळमृदंगाचा ठेका पावलांना उचलतो, विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि दिंडीत कोणी एकटा नसतो.

ऋतू, रस्ता आणि रान

चालण्याची हौस विवेकाने सांभाळावी लागते. यवतमाळचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो. या दिवसांत सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास होतो, तेव्हा साडेसहा-सातपर्यंत फेरी आटोपावी. निघण्यापूर्वी पाणी प्यावे व डोक्याला दुपट्टा बांधावा. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे ही उष्माघाताची पूर्वचिन्हे होत. ती दिसताच सावली गाठावी. हिवाळ्यात सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, म्हणून थंडीत अंधारात निघण्याचा हट्ट नसावा. पावसाळ्यात काळी माती बुटांना चिकटून पाय जड होतात व घसरण्याची भीती असते. अशा वेळी मुरमाचा किंवा पक्का रस्ता धरावा, अथवा शाळेच्या वऱ्हांड्यात फेऱ्या माराव्यात.

पावसाळ्यात साप बाहेर पडतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. संध्याकाळनंतर विजेरी व पाय झाकणारी पादत्राणे यांशिवाय गवतातून जाऊ नये. दंश झाल्यास अवयव करकचून बांधण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

वाहनांच्या रस्त्यावर उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे आणि पहाटे फिकट रंगाचे कपडे घालावेत. वणी परिसरात कोळशाच्या वाहतुकीचा रस्ता टाळून आतली वाट शोधावी, कारण धुळीत चालून फुप्फुसांचे भले होत नाही.

जंगलालगतच्या गावांनी आणखी एक भान ठेवावे लागते. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ 2019 च्या जूनमध्ये नव्या प्रदेशाच्या शोधात निघाला आणि पुढील नऊ महिन्यांत सुमारे 3,000 किलोमीटर भटकून बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे ही वाटचाल नोंदली गेली व लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले. शेते, नाले व रस्ते ओलांडीत तो गेला. माणसांच्या वाटा वाघांच्याही असतात, हा त्याचा अर्थ. या जिल्ह्याने त्याची दुसरी बाजूही भोगली आहे. पांढरकवडा-राळेगाव भागात 'अवनी' वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध जोडला गेला. 2 नोव्हेंबर 2018 रोजी ती मारली जाईपर्यंत तेथील शेतकरी शेतात एकटा जाण्यास धजत नव्हता. अशा गावांत पहाटे व तिन्हीसांजेला रानाकडे एकट्याने फिरू नये. गावठाणातील किंवा वर्दळीची वाट निवडावी व वनरक्षकांच्या सूचना पाळाव्यात.

ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वेग वाढवावा. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ अथवा घाम सुटल्यास तत्काळ थांबावे व रुग्णालयात जावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. मधुमेही माणसाने अनवाणी चालू नये व घरी आल्यावर तळपाय पाहावेत. त्याला जखमेची वेदना जाणवतेच असे नाही.

वाट कोणासाठी?

चालण्याचा उपदेश सरसकट सर्वांना करण्याजोगा नाही. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीला संध्याकाळी "चालत जा" असे सांगणे ही थट्टाच होय. तिला गरज आहे ती विश्रांतीची व पोटभर अन्नाची. परंतु तिच्याच गावात अशाही पुष्कळ स्त्रिया आहेत, की ज्यांना डॉक्टरांनी चालण्यास सांगितले आहे, ज्यांना चालावेसे वाटते, आणि तरीही त्या चालत नाहीत. गावातल्या स्त्रीच्या चालण्याला कारण लागते. पाणी, सरपण, शेत, देऊळ यांपैकी काही नसताना ती नुसतीच रस्त्याने निघाली, की चार डोळे तिच्याकडे वळतात. चौकात टवाळ मुले बसलेली असतात, पुढे दिवे नसतात, त्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला उकिरडे असतात. मग ती अंगणातच येरझारा घालते, आणि काही दिवसांनी त्याही बंद पडतात.

या ठिकाणी सवयीचा प्रश्न व्यक्तीचा न राहता गावाचा होतो. महिला बचत गटाच्या आठ-दहा जणींनी मिळून ठरावीक वेळी निघण्यास आरंभ केला, आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका त्यांच्यासोबत राहिली आणि सरपंचांच्या घरची सूनही त्यांत दिसू लागली, तर वळणारे डोळे थोड्याच दिवसांत सरावतात. तरीही दिवे व स्वच्छ रस्ता त्यांना ग्रामपंचायतीनेच द्यावयाचा आहे.

गावाची चालवाट

त्यासाठी मोठा निधी लागतोच असे नाही. प्रत्येक गावात शेतांकडे जाणारी एखादी पांदण असते. तिच्यावर एका बाजूने बाभळी वाढलेल्या असतात, दुसऱ्या बाजूने धुरा पुढे सरकलेला असतो. ती मोकळी झाली तर बैलगाडीची व ट्रॅक्टरची सोय होतेच, पण सकाळ-संध्याकाळी गावाला चालण्यास एक निर्धोक वाट मिळते. शेतरस्त्यांच्या कामांसाठी राज्य शासनाने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आखली होती, ती याच गरजेतून. ग्रामसभेत अशा एका वाटेची निवड व्हावी. ती गावठाणापासून एक किलोमीटर असली तरी जाऊन-येऊन दोन किलोमीटर होतात व अर्ध्या तासाची फेरी पुरी होते. काटे काढावेत, खड्डे मुरमाने भरावेत, कडेला निंब, करंज, बहावा लावावेत, निम्म्या वाटेवर म्हाताऱ्यांना टेकण्यासाठी एक ओटा बांधावा आणि वस्तीलगतच्या भागात दिवे लावावेत. यांपैकी निम्मी कामे श्रमदानाने होण्याजोगी आहेत.

शिक्षकांचा वाटा वेगळा आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेतून महिन्यातून एकदा मुलांना या वाटेवर न्यावे. झाडांची व पक्ष्यांची नावे मुलांनी वहीत लिहावीत. वर्गात गोंड, कोलाम वा बंजारा मुले असतील तर त्यांच्या भाषेतील नावेही त्यांच्याकडूनच विचारून फळ्यावर लिहावीत. जे मूल वर्गात मागच्या बाकावर गप्प असते, ते या तासाला अनेकदा गुरुजींचाच गुरू ठरेल. लहानपणी ज्याला वाटेवरची झाडे ओळखीची झाली, त्याला चाळिशीत डॉक्टरांनी सांगण्याची वाट पाहावी लागणार नाही.

अधिकाऱ्यांनी आणि सदस्यांनी तर ही वाट स्वतः चालून पाहावी. गाडीतून न दिसणाऱ्या कित्येक गोष्टी पायी चालताना दिसतात. फुटलेली जलवाहिनी, बंद पडलेला हातपंप, शाळेत न गेलेले मूल हे सारे रोजच्या अर्ध्या तासात समोर येते, आणि लोकही कार्यालयात जे सांगत नाहीत ते रस्त्यात थांबवून सांगतात.

चालण्याची गोडी लागल्याची खूण एकच. आरंभी माणूस दिवस मोजतो, मग पावले मोजतो, मग वजन मोजतो. पुढे एका सकाळी मोजायचे राहून जाते. नाल्याच्या पुलावर पोचल्यावर त्याच्या ध्यानी येते की आज निंबाला मोहोर आला आहे, सोबतीचा एक जण आलेला नाही, आणि परतताना त्याच्या दारावरून जावयास हवे.